डोंगराकडे तोंड केलेल्या खुर्च्या

जळालेल्या डोंगरावर पुन्हा जंगल उभं करायचं तर स्थानिकांचा सहभाग हवा, असं लिस्बनला ठरलं. स्थानिक उरलेत किती, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. वाल द कोर्सास गावात चारजण उरले होते.

तरी बंद पडलेल्या शाळेत सभेला दहा खुर्च्या होत्या. गावची रीतच तशी. घरागणिक एक खुर्ची, माणूस असो वा नसो. ज्याचा विरोध असेल त्यानं आपली खुर्ची फिरवून डोंगराकडे तोंड करायचं. दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही.

आदेलिनो बायकोची, एर्मिनियाची खुर्ची घेऊन आला होता आणि त्या रिकाम्या खुर्चीमागे उभा होता. सभेला कायम तीच यायची. तीन उन्हाळ्यांपूर्वी वणवा आला तेव्हा ‘शेळ्या सोडून येतो, तू हो पुढं’ असं तो तिला म्हणाला होता. ती वळणावर गाडी थांबवून त्याची वाट बघत राहिली. दोन्ही कडांचे पाइन पेटून रस्त्यावर कोसळले. त्या वळणावर तिच्यासोबत आणखी सहा घरांची माणसं संपली.

लिस्बनहून आलेल्या इंजिनियर मातिल्दबाईंच्या लागवडीच्या नकाशात पाइन पुन्हा थेट रस्त्यापर्यंत आले होते.

“बाई, रस्त्याच्या कडा मोकळ्या सोडा,” आदेलिनो म्हणाला. “वर काय हवं ते लावा.”

“आजोबा, नकाशा वरून आलाय.”

“वरून म्हणजे देवाकडून?” म्हातारी ग्रासा म्हणाली. “मग आमची बरीच माणसं तिकडेच आहेत. त्यांना विचारायचं होतंत!”

ग्रासाची आणि बाकी दोघांची, अशा तीन खुर्च्या करकरत फिरल्या. बाईंनी मोजलं. “बाकी सात खुर्च्यांचा विरोध दिसत नाही. म्हणजे संमती. नियमच आहे तसा.”

“अहो, ती माणसं मेलीत,” ग्रासा म्हणाली.

“मग त्यांची हरकत नसणारच.”

आदेलिनोनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. एर्मिनियाचं मत त्यानं ती असताना कधी ठरवलं नव्हतं.

सह्या जेवणानंतर करू, म्हणत बाईंनी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. ग्रासाकडे कोबीचं सूप आणि मक्याचा पाव होता. बाईंनी सूप दोनदा घेतलं.

परत येऊन कुलूप काढलं तर आत धुराचा वास. खिडक्या आतून बंद होत्या. संपलेल्या सहाही घरांच्या खुर्च्यांनी डोंगराकडे तोंड केलं होतं.

“कुणी केलं हे?”

“किल्ली तुमच्याकडे होती, बाई,” ग्रासा म्हणाली.

एर्मिनियाची खुर्ची मात्र डोंगराकडे नव्हती. ती दाराकडे वळली होती.

“ही... ही एक तरी संमती ना?” बाईंचा आवाज बारीक झाला होता.

“नाही,” आदेलिनो म्हणाला. “ती माझी वाट बघतेय.”

आज पहिल्यांदाच तो त्या खुर्चीवर बसला. “आलो गं,” म्हणाला आणि खुर्चीसकट डोंगराकडे वळला.

बाईंनी नकाशावर रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडं लाल पेन्सिलीनं खोडली आणि शेजारी सही केली. मग त्या निघाल्या. वळणावर त्यांच्या गाडीचा वेग एकदम वाढलेला चौघांनीही ऐकला.