रिकाम्या शेंगा

हॉल्वार आणि स्वेरे यांचं भांडण एका फुलावरून होतं, आणि ते फूल शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान. मोहरीच्या कुळातलं, चार पांढऱ्या पाकळ्यांचं. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर एका खाडीच्या दोन्ही काठांवर ते उगवतं. इकडचं आणि तिकडचं शेजारी ठेवलं तर कुणालाही फरक दिसायचा नाही.

स्वेरे म्हणायचा, जात एकच. हॉल्वार म्हणायचा, दोन. हिमयुगात मधे हिमनदी पसरली आणि दोन्हीकडच्यांची ताटातूट झाली ती झालीच, आता सोयरीक जुळणार नाही.

ट्रॉम्सो विद्यापीठाच्या वनस्पती विभागात मी त्या दोघांच्या हाताखाली रोपं वाढवायचे. दुपारी आम्ही तिघं एकाच टेबलावर डबे उघडायचो. पावाच्या कापांमधला कागद वाया जायचा नाही. हॉल्वार त्याच्यावर दोन गोल काढायचा आणि मधे रेघ ओढायचा. स्वेरे ती रेघ बोटाला लागलेल्या लोण्याने पुसायचा.

"आला बघा कुंपण घालायला," तो मला म्हणायचा. "याला दोन मेंढ्या दिसल्या की मधे कुंपण हवंच."

"आणि तुला पातेल्यातले सगळे मासे एकच," हॉल्वार म्हणायचा. "खा मुकाट्याने."

पानांवरची लव मोजण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कुणीच हरलं नाही. दोघं निवृत्त झाले, पाठोपाठ मीही झाले. स्वेरेचे डोळे गेले आणि त्याला टेकडीखालच्या वृद्धाश्रमात न्यावं लागलं. तेव्हा एका संध्याकाळी हॉल्वार माझ्या दारात आला.

"गुन्वोर, आपण त्यांचं लग्न लावू या," तो म्हणाला. "दोन्ही काठांचं. तो असेपर्यंत. त्याच्या तोंडून मला एकदा ऐकायचंय."

"काय ऐकायचंय?"

"की मी बरोबर होतो."

परीक्षा साधी होती. दोन काठांच्या रोपांचा संकर करायचा, पोरं वाढवायची आणि त्यांच्या शेंगा उघडून बघायच्या. बी धरलं तर जात एक. शेंगा पोकळ निघाल्या तर दोन. याहून सोपं काही नाही, आणि याहून कंटाळवाणंही नाही. ही फुलं कळी मिटलेली असतानाच स्वतःचं स्वतः उरकून घेतात. म्हणून कळी उमलायच्या आत भिंगाखाली चिमट्याने ती फोडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या काठाचा पराग लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. हॉल्वारचे हात थरथरायचे. म्हणजे चिमटा माझ्याच हाती.

विभागाने जुनी तळघरातली थंड खोली आम्हाला काही वर्षांसाठी दिली. भर जुलैत बाहेर पोरं अर्ध्या चड्डीत हिंडायची आणि मी लोकरीचा स्वेटर घालून त्या खोलीत बसायचे. रोपांना आधी हिवाळा द्यायचा, मग उन्हाळा. गुडघे दुखायचे, पाठ दुखायची. पण एक दिवसही त्या खोलीची थंडी बिघडली नाही. रोज सकाळी पारा बघणारी मीच होते.

शेवटी संकराची पोरं फुलली. आईबापांपेक्षा टवटवीत, दांडगी. त्यांच्यावर माझा जीव जडला होता. शेंगा वाळल्यावर हॉल्वार आणि मी पांढऱ्या बशीत एकेक उघडत गेलो. आईबापांच्या शेंगांतून तपकिरी बी सांडलं. पोरांच्या शेंगांतून काहीच नाही.

"पोकळ," हॉल्वार म्हणाला. "सगळ्या पोकळ." मग खुर्चीत बसून राहिला. मला वाटलं होतं, तो हसेल.

रविवारी आम्ही स्वेरेकडे गेलो. हॉल्वारने टाय लावला होता. स्वेरे खिडकीशी बसला होता. समुद्र त्याला आता नुसता उजेड म्हणून दिसायचा. समोर वॅफल आणि तपकिरी चीज होतं.

"आलास, कुंपणवाल्या? पावलांवरूनच कळलं. फरफटतोयस."

हॉल्वारने शेंगा त्याच्या तळहातावर ठेवल्या. स्वेरेने एक बोटांत चुरडली, बोट जिभेला लावलं.

"मला काही कळत नाही. गुन्वोर, तू सांग. तू खोटं बोलत नाहीस."

"रिकाम्या आहेत," मी म्हणाले.

"आणि आईबापांच्या? त्याच खोलीतल्या?"

"भरलेल्या."

त्याने वॅफल खाली ठेवला. बराच वेळ तो अंगठ्याने तो भुगा चाचपत राहिला. स्वेटरमध्ये तो किती लहान झाला होता, ते मला तेव्हा दिसलं.

"म्हणजे मी इतकी वर्षं..." तो म्हणाला आणि थांबला.

हॉल्वार याच वाक्यासाठी आला होता. ते पुरं व्हायला दोनच शब्द हवे होते. त्याने कप बशीत फिरवला, पुन्हा फिरवला.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "मार्चमध्ये त्या खोलीची थंडी गेली होती. दोन दिवस."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

स्वेरेने मान वर केली. "फुलं होती तेव्हा?"

"पोरांना होती. आईबापांचं आधीच उरकलं होतं."

"अरे गाढवा, मग उकाड्याने पराग मेला तुझ्या पोरांचा. यातून काय सिद्ध झालं?"

"तसं म्हटलं तर काहीच नाही."

"काहीच नाही. आणि टाय लावून आलाय. लावलाय ना? साबणाचा वास येतोय, म्हणजे टायही असणार." स्वेरेने वॅफल उचलला आणि मोठा घास घेतला. "पुन्हा करायला हवं. पहिल्यापासून."

"तेच म्हणत होतो."

मग दोघांची तोंडं माझ्याकडे वळली, आंधळ्याचंही.

"खोली परत करायचीय," मी म्हणाले.

"तुझ्या घराला उत्तरेकडचा व्हरांडा आहे," हॉल्वार म्हणाला.

"माझे गुडघे गेलेत."

"पराग काय गुडघ्यांनी लावायचाय?" स्वेरे म्हणाला. हॉल्वार इतका हसला की त्याला ठसका लागला.

मी बशा गोळा केल्या. बस थांब्यावर हॉल्वारने टाय काढून खिशात कोंबला. मार्चमध्येही रोजचा पारा मीच बघितला होता, हे त्यालाही ठाऊक होतं. मला फार दमल्यासारखं झालं होतं.

आईबापांचं बी कपाटात होतंच. घरी गेल्यावर मी ते ओल्या वाळूत मिसळलं आणि फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवलं. त्यांना आधी हिवाळा लागतो.