बारावर एक

माझा स्वभाव तापट आहे असं आमची प्रतिभा चारचौघांत सांगते. मी तापट अजिबात नाही. मला फक्त राग येतो, आणि तो दुसऱ्यांच्या चुकीमुळे येतो. रांजणगावच्या एका कारखान्यात मी मालाची तपासणी करतो. दिवसभर मायक्रोमीटर हातात, केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. अशा माणसाच्या हातून स्वतःच्याच लग्नात घोडचूक झाली, हे कबूल करायला मला नऊ वर्षं लागली.

त्र्याण्णव साली राहूला, म्हणजे प्रतिभाच्या गावी, आमचं लग्न लागलं. तेव्हाही मला जुन्या कॅमेऱ्यांचा नाद होता, आणि नवरदेव असूनही एक कॅमेरा मी गळ्यात अडकवलेला होता. अक्षता पडल्या, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायची वेळ आली. सासरे म्हस्कूआबा घोंगडीवर बसले होते. आबांनी निम्मं आयुष्य मेंढरं राखली, मग ऊस-कांदा धरला. मेंढरं गेली तरी मोजायची खोड राहिली. पंगतीतली माणसं, रस्त्यानं गेलेल्या एस्ट्या, सगळं मोजायचे. तर प्रतिभा त्यांच्यापुढे वाकली. मीही वाकणारच होतो. पण मांडवाच्या फटीतून तिच्या पाठीवर असा काही उजेड पडला, की मी दोन पावलं मागे सरलो, मुंडावळ्या कानामागे सारल्या, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.

फोटो झकास आला. त्यात आबांचा डावा हात प्रतिभाच्या डोक्यावर आहे. उजवा हात तिच्या शेजारी हवेत आहे आणि त्याच्याखाली कुणी नाही. प्रतिभाने तो मोठा करून घेतला, चौकट करून आणली आणि मी जेवायला बसतो त्याच्या बरोबर समोर टांगला.

आबा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, आणि तेच वाईट झालं. शिरूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीवर तूप यायचं, कांदे यायचे, लेकीला दिवाळीची साडी यायची. आबा काही यायचे नाहीत. मी राहूला गेलो की ते माझ्याशी बोलायचे, पण गोठ्यातल्या म्हशीमार्फत.

"पाव्हनं जेवलं का न्हाई, इचार गं," ते म्हशीला म्हणायचे.

"जेवलो म्हणावं," मीही म्हशीलाच सांगायचो.

"एकदाचं पाया पडून मोकळं व्हा की. काय झिजतंय का?" प्रतिभा म्हणायची. मी म्हणायचो, जो माणूस जावयाशी म्हशीमार्फत बोलतो त्याच्यापुढे मी वाकायचा नाही. अशी नऊ वर्षं गेली. म्हैससुद्धा बदलली.

दोन हजार दोन साली आमचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधून झालं. रंग झाला, नळ आला. पण वास्तुशांत होईना, कारण प्रतिभाने निक्षून सांगितलं होतं, "आबांचं पाय लागल्याबिगर म्या तिथं गॅस पेटवायची न्हाई." भाड्याच्या खोलीतून नवं घर समोरच दिसायचं. रोज संध्याकाळी ती तिथे जाई, कुणी न वापरलेली फरशी पुसून काढी आणि पुन्हा कुलूप लावून येई. ते कुलूप लागल्याचा आवाज मला खोलीत ऐकू यायचा आणि जेवण गोड लागायचं नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या जुन्या बाजारात मला माझ्याहून वयानं मोठा यशिका कॅमेरा सापडला. दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून विहिरीत डोकवावं तसं आत बघायचं. आत दुधी काचेवर सगळं दिसतं, फक्त उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं. एका रिळात फोटो बाराच. मी हरखून गेलो. प्रतिभा म्हणाली, "घर बांधलं ते ही अडगळ ठिवायला का?"

माघात आम्ही आबांना पुन्हा एकदा विचारायला राहूला गेलो. प्रतिभा आईबरोबर, म्हणजे माझ्या सासूबाई रंगुबाईंबरोबर, चुलीपाशी गेली. आबा अंगणात बाजेवर बसून दोर वळत होते. ऊन तिरपं झालं होतं, पटक्याच्या एकेका पिळावर उजेड आणि सावली पडली होती. मला राहवेना. म्हटलं, त्यांच्या नकळत एक फोटो घेऊ.

मी समोर उभा राहिलो. कॅमेरा हलू नये म्हणून पाय जुळवले, दोन्ही हात पोटाशी घेतले, मान पार खाली घातली आणि श्वास रोखला. काचेत आबा डाव्या कडेला गेलेले. मी डावीकडे सरकलो, तर ते आणखीच कडेला गेले. मग उजवीकडे सरकलो. पुन्हा थोडा डावीकडे. दोन मिनिटं माझं हेच चाललं होतं. बघणाऱ्याला वाटावं, माणूस शरमेनं चुळबुळतोय आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

काचेतले आबा उठले आणि काचेबाहेर गेले. मग माझ्या डोक्यावर एक जड हात पडला.

"लई येळ लावला, जावईबापू," आबा म्हणाले. म्हैस शेजारीच होती, पण ते थेट मला म्हणाले.

दचकून माझं बोट बटणावर दाबलं गेलं. तो फोटो पुढे धुऊन आला, तर त्यात आबांच्या सदऱ्याची एक गुंडी होती.

दारात रंगुबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांच्यामागे प्रतिभा उभी होती. तिला खरा प्रकार लगेच कळला, कारण ती माझ्याबरोबर नऊ वर्षं राहिली आहे. तिने ओठावर बोट ठेवलं.

"मोकळं झालं समदं," आबा म्हणाले. "वास्तुशांत कवा धरताय?"

आता इथे खरं बोलणाऱ्याला लोक सत्यवादी म्हणत नाहीत, गाढव म्हणतात. मी मान डोलावली. पण आबांचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं.

"ही पेटी कसली?"

"कॅमेरा हाय, मामा. जुना. बारा फोटो निघत्यात."

"बाराच?"

"बाराच."

"आन् बघायचं कुठनं? डोळा लावायला भोक दिसत न्हाई ह्याला."

खरं सांगावं तर मघाचं वाकणं उघडं पडणार होतं. "डोक्यावर धरायचा, मामा. उलटा. आन् खालनं वर बघायचं."

हे अगदीच खोटं नव्हतं. गर्दीच्या मागून फोटो काढायचा असला तर हा कॅमेरा तसा उलटा धरतात. आबा म्हणाले, "इपरीतच हाय," आणि विषय संपला. म्हणजे संपला असं मला वाटलं.

वास्तुशांतीला आबा आले. उंबऱ्याबाहेर प्रतिभाने त्यांच्या पायावर कोमट पाणी घातलं आणि घालता घालता रडली. आबांनी आत येऊन घर मोजलं. "तीन दारं, चार खिडक्या. ब्येस हाय," म्हणाले. लग्नातला तो फोटो नव्या भिंतीवर टांगला होता. त्याच्यापुढे ते थोडा वेळ थांबले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

"आज त्या डब्याला हात लावायचा न्हाई," प्रतिभाने मला बजावलं. मी कबूल झालो. पण कारखान्यातले साहेब आले आणि भर घोळक्यात म्हणाले, "अरे जयसिंग, तू एवढा फोटोवाला, आणि स्वतःच्या घरी फोटो नाही?" झालं. शेजारच्या गिताबाई लगेच पदर सारखा करून उभ्या राहिल्या. कोपऱ्यातून आबा बघत होते.

काय करणार? कॅमेऱ्यात नवं रीळ घातलं, तो उलटा करून डोक्यावर धरला आणि मान मागे टाकून वर बघत राहिलो. होमाचा फोटो तसाच काढला. साहेबांचा सपत्नीक फोटो तसाच. गिताबाईंना वाटलं, हाही पूजेतलाच विधी आहे. त्यांनी माझ्या अंगावर अक्षता टाकल्या. पाचव्या फोटोला मान दुखायला लागली, नवव्याला मानेत कळ आली. दर फोटोला आबांचा अंगठा बोटाच्या एका पेरावरून पुढच्या पेरावर सरकत होता. मला वाटलं, म्हातारा जप करतोय. बारावा फोटो पंगतीचा झाला. रीळ संपलं आणि मी सुटलो.

तेवढ्यात आबा उठून पूजेच्या पाटावर येऊन बसले.

"जावईबापू, आता आमचा काढा. प्रतिभा, तू बस अशी म्होरं."

रीळ संपलं म्हणावं, तर आज त्यांना नाही कसं म्हणायचं? मी विचार केला, रिकाम्या कॅमेऱ्याचाही आवाज तोच येतो. नंतर सांगू, फोटो बिघडला. एक खोटं पचलं, त्याच्या पंगतीला दुसरं. पण कॅमेरा डोक्यावर न्यायला गेलो तर मान मागे जाईना. आणि हाताची सवय वाईट. माझं मला कळायच्या आत मी कॅमेरा पोटाशी धरला, झाकण उघडलं आणि मान खाली घातली.

"व्हय," आबा म्हणाले. "आस्संच. राहूला आसंच वाकला व्हता."

मला मान वर करायचा धीर होईना. काचेत आबा होते, शेजारी प्रतिभा होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आन् ह्यो बारावर एक हाय," आबा म्हणाले. शुभ दिवशी तेरा म्हणायचं नाही म्हणून तसं. मग त्यांनी हाताचा पंजा पुढे केला. "चार बोटं, तीन तीन पेरं. माझा हात भरला तवाच तुमचं रीळ सरलं. कळपात एक मेंढरू जास्ती आलं तरी मला कळायचं. आता फोटू तर निघायचा न्हाई. मंग ह्ये वाकणं कशापायी हाय?"

साहेब बघत होते, गिताबाई बघत होत्या. ताठ उभं राहून काहीतरी विनोद करून वेळ मारून नेता आली असती, आणि एरवी मी तेच केलं असतं. पण काचेत प्रतिभा दिसत होती. तिच्या मुठीत त्या कुलपाची किल्ली होती. रोज ज्या मुठीत असायची त्याच मुठीत, आणि ती मूठ तिने इतकी आवळली होती की मला माझीच लाज वाटली.

"तुमच्यापायी, मामा," मी म्हणालो. "लग्नातलं ऱ्हायलंय ते."

कॅमेरा गळ्यातून काढून मी जमिनीवर ठेवला, प्रतिभाच्या शेजारी बसलो आणि आबांच्या पायावर डोकं टेकलं. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. उजवा हात जरा वेळाने आला, पण आला. माझे डोळे भरून आले. साहेबांना मी नंतर होमाचा धूर सांगितला.

"असू द्या, असू द्या. उठा आता," आबा म्हणाले.

मी उठलो नाही.

"उठा की, जावईबापू."

"मान धरलीय, मामा. वर होईना."

"नऊ वर्सं वाकत नव्हती," प्रतिभा रडता रडता म्हणाली, "आन् आता उठंना!"

आबा खदखदून हसले. मग त्यांनी तेल मागवलं आणि मेंढराची चोळावी तशी माझी मान भर पाहुण्यांत चोळून दिली. त्यांचा हात फार लागतो.

ते बारा फोटो धुऊन आले. बाराही फोटोंत लोकांच्या टाळक्यांपेक्षा छतच जास्त आहे. गिताबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. लग्नातला फोटो भिंतीवर तसाच आहे, पण प्रतिभाने माझी जेवायची जागा बदलली. पूर्वी मी त्याच्यासमोर बसायचो. आता त्याच्या खाली बसतो, आबांच्या उजव्या हाताखाली.