बिरूची मेंढरं भिंतीवर

लोहाऱ्यातल्या आमच्या कॉलेजात चित्रप्रदर्शन भरलं आणि पहिल्याच दिवशी एका चित्रावर मेंढरं चोरल्याचा आळ आला.

चित्र आमच्याच समृद्धीनं काढलेलं. मधे तिचा बाप सिदू, भोवती कळप, प्रत्येक मेंढराच्या पाठीवर निळा पट्टा. दुपारी परीक्षक येणार होते. त्यांच्या पसंतीला उतरलं तर चित्र मुंबईला जाणार होतं. पोरीचा पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हता.

उद्घाटनात तत्त्वज्ञानाचे योगीराज सर गरजले, "चित्र भिंतीवर लागलं की चित्रकाराचा हक्क संपला! अर्थ बघणाऱ्याचा!"

सगळ्यात जोरात टाळ्या शेजारच्या वस्तीवरच्या बिरूनं वाजवल्या. तो बघणारा होता.

"मग ही मेंढरं माझी," तो म्हणाला.

मेंढरं चरताना मिसळतात, म्हणून इकडं प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला. सिदूचा तांबडा, बिरूचा निळा.

"सिद्या, माझा कळप घेऊन फोटूला उभारलास व्हय रं?"

"आरं, चित्र हाय ते!"

"पट्टा माझा हाय. सर, तुमीच म्हनलाव की!"

"तसं चित्रकाराचा हेतूही बघावा लागतो," सर म्हणाले आणि एका वाक्यात स्वतःच्याच सिद्धांताच्या शंभर वर्षं मागं गेले.

हेतू विचारण्यात आला. समृद्धी म्हणाली, "तांबडा मातीत बुडत होता, सर. निळा लावला आन् मेंढरं पळायलाच लागली!"

"पळणारच," बिरू म्हणाला. "घराकडं वळल्यात ती."

समृद्धी चित्राकडं बघतच राहिली. खरंच, सगळा कळप बापाला सोडून निघाला होता. हे तिनंच काढलं होतं आणि तिला आत्ता दिसत होतं.

"मंग तुझी मेंढरं मी राखतोय," सिदू तडकला, "आन् वर मलाच चोर म्हनतोस?"

गर्दी वाढली. सर घाबरून चित्र उतरवायला गेले. समृद्धी आडवी आली. तिच्या शेजारी बिरूही.

"हात लावायचा न्हाय! माझी मेंढरं हायत. सायबास्नी बघू द्या."

परीक्षक साहेब आले, त्यांनी चित्र बघितलं, भांडणही शेवटपर्यंत ऐकलं, आणि चित्र निवडलं. सिदूनं लेकीला उचलूनच घेतलं.

"मुंबईला जाऊ द्या," बिरूनं परवानगी दिली. "पर माघारी आली की मोजून घीन."

"काका, जास्त भरली तर?"

बिरूनं चित्र पुन्हा नीट न्याहाळलं.

"वरची तुझी, पोरी."