चाकं जमिनीला टेकल्यावर

घरचं काम आणि परक्याचं काम यांत गॅरेजवाले मोठा फरक करतात. परक्याचं नीट करायचं असतं, घरचं उरकायचं असतं. सासऱ्यांच्या जुन्या गाडीखाली पाठ टेकून पडलेल्या जावयाला आज त्या उरकण्याची फळं अगदी नाकासमोर दिसत होती.

गाडी त्याच्या बायकोपेक्षा वयाने मोठी. सासऱ्यांनी ती पोटच्या पोरीसारखी सांभाळलेली. मग मागच्या वर्षी ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायला लागली आणि एके सकाळी फाटकाच्या खांबावर जाऊन घासली. सगळ्यांनी गाडीकडे नाही, सासऱ्यांच्या हातांकडे पाहिलं. कारण पुढची चाकं धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश जावयानेच नुकते नवे बसवले होते, तेव्हा गाडीत दोष कसा असेल? त्यानेच तसं छातीठोकपणे सांगितलं. “बाबा, वय झालं आता. हात पूर्वीसारखे राहत नाहीत,” असं म्हणून किल्लीही त्यानेच मागून घेतली. सासरे एरवी ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि किल्ली देऊन टाकली.

आता गाडी विकायची ठरली होती. गिऱ्हाईक येण्याआधी खालून एक नजर टाकावी म्हणून जावई आला होता. पाहतो तर दोन्ही बाजूंच्या बुशचं रबर पिळून फाटलेलं, डावीकडचं जास्तच, आणि आर्म ब्रेक लागला की सरकायला मोकळा. झिजलेलं रबर असं फाटत नाही. असं फाटतं ते एकाच कारणाने, आणि ते कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीला टेकल्यावर, गाडीचं वजन अंगावर असताना. चाकं लटकत असताना आवळला, तर गाडी खाली उतरवताच रबर पीळ खातं आणि तो पीळ घेऊनच जगतं. त्याच्या गॅरेजात हे दुसऱ्या कोणी केलं असतं, तर त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. इथे मात्र बायकोने “जेवण गार होतंय” म्हणून दोनदा हाक मारली होती, आणि त्याने लटकत्या चाकांवरच सगळे बोल्ट आवळून हात धुतले होते.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. फक्त इथे सुळी द्यायलाही चोरच पुढे झाला होता.

जुने बुश त्याने ठोकून काढले, नवे दाबून बसवले. मुकाट्याने गाडी विकली तर कुणाला कळणार होतं? हा विचार त्याला इतका सोयीचा वाटला की स्वतःचीच शिसारी आली. मग त्याने पुढची चाकं जाड फळ्यांवर टेकवली, गाडी दाबून दोन-चार हेलकावे दिले आणि ड्रायव्हरच्या जागी ठेवायला वाळूचं पोतं शोधू लागला.

“मी बसू का?” शेडच्या दारातून सासऱ्यांनी विचारलं. “वजनाला तरी उपयोगी पडेन.”

ते बसले. स्टिअरिंगला हात न लावता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. जावई झटकन गाडीखाली सरकला. पहिला बोल्ट आवळून झाला, दुसऱ्यावर पाना बसवला, पण आवळायचं सोडून तो थांबला.

“बाबा, दोष गाडीत होता,” तो खालूनच म्हणाला. “बुश मी चुकीचे आवळले होते. गाडी ओढत होती ती त्यामुळे. तुमचे हात ठीक होते.”

वर सीटची स्प्रिंग एकदा कुरकुरली.

“नक्की?”

“नक्की. मी चालवत असतो तरी खांबाला लागलीच असती.”

मग सासरे म्हणाले, “चिमीला मी उचललं नाही रे तेव्हापासून. म्हटलं, हातांचा भरवसा नाही. पडायची एखादे वेळी.”

चिमी जावयाची मुलगी, तेव्हा पाळण्यात होती. “तुझ्या बाबांना नातीपेक्षा गाडी लाडकी,” असं बायकोला चिडवून तो वर्षभर हसला होता, आणि बायको दरवेळी कानकोंडी झाली होती. लाजेने त्याला गाडीखालून बाहेर येववेना.

शेवटी आला, आणि किल्ली पुढे केली.

“असू दे तुझ्याकडे,” सासरे म्हणाले. अंगणातल्या नळावर त्यांनी स्वच्छच असलेले हात पुन्हा धुतले, धोतराला न पुसता नव्या रुमालाला पुसले आणि पायरीपाशी गेले. तिथे जावयाची बायको बसली होती आणि चिमी तिच्याभोवती तुरुतुरु धावत होती. सासऱ्यांनी वाकून दोन्ही हात पुढे केले.

चिमीने त्यांच्याकडे पाहिलं आणि आईच्या पाठीमागे लपली.

“तिला सवय नाही ना बाबा तुमची,” बायको म्हणाली. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

सासरे तसेच वाकून उभे राहिले. शेडच्या दारातून जावयाला ते पुढे केलेले हात स्पष्ट दिसत होते. जराही थरथरत नव्हते.