कोऱ्या खळग्यांतला पिवळा रंग

प्रयोगशाळेत प्लेटा धुणाऱ्या काकूंच्या कामात खोट काढायची हिंमत बावीस वर्षांत कुणाला झाली नव्हती. ती नव्या डॉक्टरीणबाईंनी केली. "काकू, राग मानू नका, पण प्लेट नीट धुतली जात नाहीये."

चाचणी होती धान्यातलं बुरशीचं विष ओळखायची. शहाण्णव खळग्यांची प्लेट आणि विषाला पकडणारी अँटिबॉडी. ती जिथे चिकटेल तिथे शेवटी पिवळा रंग येतो, सुटी राहिलेली धुऊन काढायची. ही अँटिबॉडी भलतीकडेच चिकटून बसू नये, म्हणून प्लास्टिकवरच्या मोकळ्या जागा आधीच गायीच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनानं भरून टाकायच्या. सगळं नेमानं केलं, तरी ज्या खळग्यांत विष नावालाही नव्हतं तेही पिवळेधमक! डॉक्टरीणबाईंनी अल्ब्युमिन दुप्पट केलं, तर रंग आणखीच चढला. मग खापर फुटलं धुणारीच्या डोक्यावर. विभागप्रमुखांनी धुण्याचं यंत्र मागवायचं ठरवलं. सोमवारी त्यांची सही व्हायची होती आणि मंगळवारपासून काकू भांडारात बाटल्या मोजायला.

काकूंना रडू नाही आलं, संताप आला. पाच वेळा धुवा म्हटलं तर सहा वेळा धुणारी बाई ती! शनिवारी सकाळी त्यांनी एक कोरी प्लेट घेतली. विष घातलंच नाही. पहिली ओळ अल्ब्युमिननं भरली, दुसरी दुधाच्या भुकटीनं, तिसरी माशाच्या कातडीच्या जिलेटिननं. पुढे अँटिबॉडी तीच, धुणं तेच, हातही तेच.

अल्ब्युमिनची ओळ हळदीसारखी पिवळी झाली. दुधाची फिकट. माशाची मात्र पाण्यासारखी स्वच्छ.

काकू स्टुलावर बसून प्लेटकडे बघत राहिल्या. हात वाईट असते तर तिन्ही ओळी पिवळ्या झाल्या असत्या. आणि दुधातही थोडं अल्ब्युमिन असतंच की, गायीचंच! त्यांनी डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

"बाई, ही अँटिबॉडी सशाच्या रक्तातून काढलेली ना? त्या सशाला काय टोचलं होतं?"

"विषच. पण नुसतं विष फार बारीक, सशाचं शरीर त्याची दखल घेत नाही. म्हणून ते एका प्रथिनाला जोडून..." बोलता बोलता बाईंनी अँटिबॉडीच्या बाटलीसोबत आलेला कागद उघडला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ते प्रथिन गायीचं अल्ब्युमिन होतं. सशानं विष ओळखायला शिकताना अल्ब्युमिनही ओळखून ठेवलं होतं, आणि प्लेटभर त्यांनी तेच पसरलं होतं!

सोमवारच्या बैठकीत डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज खणखणीत होता. "धुण्यात चूक नव्हती. प्रथिन मी चुकीचं निवडलं. काकूंनी ते शोधून काढलं."

काकूंची मान आपसूक ताठ झाली. अभिमान वाटला, आणि तो लपवावा असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

प्रमुखांनी यंत्राचा कागद बाजूला सारला. "मग पुढच्या चाचणीसाठी प्रथिन कोण निवडणार?"

"काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बावीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं ओतणाऱ्या काकूंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "निवडते. पण आधी अँटिबॉडीचे सगळे कागद माझ्यासमोर ठेवा."