राजाला चहा जमत नाही

अवधूतने त्या सेमिस्टरला हौस म्हणून ग्रीक फिलॉसॉफीचा कोर्स घेतला आणि माझं वाटोळं झालं.

अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात आम्ही तिघं मास्टर्सवाले एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी, यतीन आणि अवधूत. स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या. जुनी गाडी तिघांची मिळून, पण लायसन्स एकट्या यतीनकडे. मला दहा दिवसांनी इंटर्नशिपवर जायचं होतं आणि तिथे बस जात नाही. शुक्रवारी रोड टेस्ट पास झालो तर इंटर्नशिप, नाहीतर बसा बोंबलत. प्रॅक्टिस शून्य.

नेमकं तेव्हाच अवधूतने आमच्या घरात त्या कोर्समधलं आदर्श राज्य स्थापन केलं.

"न्याय म्हणजे काय, सुशांत? ज्याने त्याने आपापलं काम करणं. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसलं की झाला अन्याय." मग म्हणे, कुणाच्या अंगात सोनं असतं, कुणाच्या चांदी, कुणाच्या तांबं. यतीन चांदीचा, म्हणून गाडी त्याची. माझ्या हाताला चव, म्हणून मी तांब्याचा. रोजचा स्वयंपाक माझा.

"आणि तू रे?"

"मला साधा चहा जमत नाही. मी राज्य करीन. माझ्यात सोनं आहे."

"चक्क थाप आहे ही!"

"असेल. राज्य चालवायला एखादी थाप चालते. कोर्समध्येच आहे."

यतीनकडे किल्ली मागितली, तर तो म्हणतो, "ड्राइव्ह करणं माझं काम, यार. तू तुझं वरण बघ."

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, बघतोच वरण. सोमवारी त्यात मूठभर मीठ. मंगळवारी भात खाली करपलेला, वर कच्चा. बुधवारी पोळ्या अशा, की यतीनने एक टेबलावर आपटून वाजवून दाखवली.

राजाने तातडीने सभा भरवली.

"याच्यात तांबंबिंबं काही नाही," यतीन कळवळून म्हणाला. "याला काही म्हणजे काही येत नाही!"

"काहीच येत नाही ना?" मी अवधूतकडे वळलो. "मग तुझ्याच हिशेबाने राज्य कुणी करायचं?"

मी लगेच हुकूम सोडले. यतीन, किल्ली दे आणि शेजारी बस. अवधूत, उद्यापासून स्वयंपाक तुझा.

गुरुवारी त्याचं पोट दुखलं, आम्ही ब्रेड खाल्ला. मी मात्र दिवसभर गाडी फिरवली आणि शुक्रवारी पास झालो! ओरडतच घरात शिरलो, तर अवधूतने आमटी केली होती. चिंच-गूळ, ओलं खोबरं, सगळं घालून. मी एक भुरका मारला आणि बघतच राहिलो. आईच्या हातची सोडली, तर अशी आमटी मी जन्मात खाल्ली नव्हती.

"गधड्या! तुला येत होतं?"

"पहिल्यापासून," तो मला भात वाढत म्हणाला. "थाप नेमकी कुठली, ते तू विचारलंसच नाहीस."