मर्व्हिनची चावी आणि लाकडी ठोकळा

आमच्या गावात सपाट जागा दोनच, एक बेसबॉलचं मैदान आणि दुसरी दफनभूमी. बाकी सगळा आयडाहो आमच्या वाट्याला तिरका आला आहे. त्यामुळे आपला पिकअप ट्रक उंच करायचा घाट लाइल ब्रँडवोल्डने घरासमोरच्या उतारावरच घातला.

ट्रक तसा पुरेसा उंच होता. पण समोरच्या बडचा त्याहून चार इंचांनी उंच होता, आणि हा फरक लाइलला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसे.

लाइल लाकूड-गिरणीत सुरक्षा अधिकारी. 'आधी डोकं, मग हात' हे गिरणीच्या भिंतीभिंतीवर रंगवलेलं वाक्य त्याचंच. शनिवारी मात्र त्याला सुट्टी असे.

पुढची बाजू आदल्या आठवड्यात उचलून झाली होती. आता मागचे कमानपाटे सोडवून त्यांच्याखाली विटेएवढे लोखंडी तुकडे सरकवायचे होते. मदतीला सासरे होते. मर्व्हिन निवृत्त न्हावी. बायको गेल्यापासून लेकीकडेच राहत. जन्मभर कैची हातात असल्यामुळे पानाही ते हलक्या हाताने, तोंडाची बाजू स्वतःकडे ठेवून पुढे करत.

ट्रकचं तोंड रस्त्याकडे, उताराला. पुढच्या चाकाखाली लाइलने जाड लाकडी ठोकळा लावला होता. मागची चाकं काढायला जॅक लावला, आणि मग कळलं की उंच व्हायला निघालेल्या ट्रकला जुना जॅक चार बोटं कमी पडतोय.

लाइलने इकडेतिकडे पाहिलं. हाताशी लाकूड एकच होतं. त्याने ते चाकाखालून काढलं आणि जॅकखाली ठेवलं.

"लाइल, पुढचं चाक?" मर्व्हिननी विचारलं.

"हँडब्रेक ओढलाय. गिअरमध्ये पण आहे. तुम्ही निवांत राहा."

हँडब्रेक आणि गिअर, दोघंही धरतात ती मागची चाकं. मागची बाजू हवेत गेली की ते हवा धरून बसतात. मागची चाकं काढून लाइल मोठा पाना आणायला गॅरेजमध्ये गेला तेवढ्यात ट्रक जॅकवरून उतरला, मागच्या उघड्या लोखंडाने काँक्रीटवर दोन पांढऱ्या रेघा ओढल्या, रस्ता ओलांडला आणि बडची पत्रपेटी आडवी करून थांबला.

कोणाला काही झालं नाही. लाइलने घरंगळलेला ठोकळा उचलला आणि गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे टाकला. आधी हात, डोकं मागाहून.

लाइलची बायको रोन्डा धावत बाहेर आली. बड रस्ता ओलांडून आला.

"माझी पत्रपेटी होती ती," बड म्हणाला. "ठोकळा लावला नव्हतास का रे, सुरक्षासाहेब?"

"लावला होता," लाइल म्हणाला. हे खरंच होतं. "कोणीतरी हलवला."

'कोणीतरी' म्हणताना त्याने मर्व्हिनकडे पाहिलं. गिरणीत अपघाताच्या अहवालात असल्या शब्दाखाली तो लाल शाई फिरवत असे.

मर्व्हिन पुढच्या चाकापाशी जिथे उभे होते तिथेच होते, हातात बारीक पाना धरून. "मी?" ते म्हणाले. मग रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. "असेल बाबा. हलवल्याचं मला आठवत नाही."

रोन्डाने आपला हात तोंडावर ठेवला. वसंतात मर्व्हिन शेगडी चालू ठेवून झोपले होते. जूनमध्ये ते कॅफेतून येताना वळण चुकून नदीपर्यंत गेले. ती तेव्हापासून म्हणत होती, अजून एकदा काही झालं की गाडी बंद. सकाळी आपली जुनी ब्यूक काढून रूबीच्या कॅफेत जायचं, हा मर्व्हिनचा एकुलता एक उद्योग.

संध्याकाळी जेवणात खिम्याचं मीटलोफ होतं. "डॅडी," रोन्डा म्हणाली, "आज तुम्ही त्याच्याखाली चिरडले गेला असता."

मर्व्हिननी खिशातून ब्यूकची चावी काढली आणि बटाट्यांच्या भांड्याशेजारी ठेवली. वाद नाही, काही नाही. लाइलला वाटलं, ते भांडले तर बोलता येईल. ते भांडले नाहीत. त्याने दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले, म्हणजे मान खाली ठेवता येते.

पुढच्या शनिवारी ट्रक चाकांवर उभा राहिला, बडच्या ट्रकशी खांद्याला खांदा लावून. खिडकीतून पाहावं अशी इच्छा लाइलला राहिली नव्हती. "मी सोडतो तुम्हाला रूबीकडे," तो मर्व्हिनना म्हणाला.

पण मर्व्हिनचा पाय ट्रकच्या पायरीपर्यंत पोचेना. लाइल काहीतरी शोधायला गॅरेजमध्ये गेला आणि रंगाच्या डब्यांमागून तोच ठोकळा घेऊन आला. त्यावर जॅकच्या बुडाचा गोल वळ खोल उमटला होता. त्याने ठोकळा उलटा केला आणि वळ खाली जाईल असा जमिनीवर ठेवला.

"थँक्यू, बाळा," मर्व्हिन चढताना म्हणाले.

कॅफेत बड आणि गिरणीतली मंडळी बसली होती. "मर्व्ह, ड्रायव्हर ठेवलास? टोपी घाल म्हणावं त्याला," बड म्हणाला.

"काय करणार," मर्व्हिन खुर्ची ओढत म्हणाले. "मी त्याचा ठोकळा काढला, ट्रक पळाला. आता डोकं जॅकवर लावायची वेळ आली." सगळे हसले. तेही हसले, एक क्षण उशिराने. "गंमत अशी, की मला डोळे मिटून आठवतंय, मी हात लावला नाही. इतकं लख्ख आठवतंय, म्हणजे बघा, डोकं कुठपर्यंत गेलंय."

लाइल बाहेर गेला. उतरताना पायाखाली घेतलेला ठोकळा ट्रकपाशीच पडला होता. तो त्याने आणला आणि कॉफीच्या कपांमध्ये ठेवला, वळ वर करून.

"हा जॅकखाली होता," तो म्हणाला. "मीच ठेवला. चाकाखालून काढून."

बडने वळावर कप ठेवून पाहिला. कप त्यात नीट बसला नाही, वळ मोठा होता.

"मग चाकाखाली काय होतं?"

"काही नाही."

भिंतीवरचं वाक्य कोणीतरी म्हणेल असं लाइलला वाटलं. कोणी म्हणालं नाही. त्यापेक्षा म्हटलेलं बरं होतं.

मर्व्हिननी ठोकळा जवळ ओढला आणि कापलेल्या केसांची कड तपासावी तसा वळावरून अंगठा फिरवला, पूर्ण गोल.

"आठवडाभर मी रात्री उठून शेगडी बघतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी लाइलकडे पाहिलं.

"चावी कुठे आहे?"

"रोन्डाकडे."

"मग चल. इथे सांगितलंस ते सोपं होतं." त्यांनी कॉफी संपवली, तोंड पुसलं आणि उठले. "आणि ते लाकूड घे बरोबर. मला चढायचंय."